ज्येष्ठांच्या दिवसाची मंगोलियन मेजवानी: लोअर परळमधील एक अनुभव

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी राखून ठेवला आणि मंगोलियातही याच तारखेला वयोवृद्धांचा सन्मान केला जातो. हे निमित्त साधून लोअर परळमधील एका उपाहारगृहाने यंदा ‘मंगोलियन मेजवानी’ ठेवली होती आणि साठीपुढच्या पाहुण्यांना बिलात २० टक्के सूट जाहीर केली होती. यंदाच सहस्रचंद्रदर्शन झालेले बाबा आणि आई यांना घेऊन आम्ही रात्री आठच्या सुमारास तेथे पोहोचलो.

स्वागत नेटके झाले. खदग नावाचे निळे रेशमी वस्त्र आपल्या शालीसारखे खांद्यावर न टाकता, मंगोल रीतीप्रमाणे दोन्ही तळहातांवर धरून देण्यात आले. मात्र लगेच आम्हाला अगदी दाराशी बसवले. मंगोल लोकांच्या गोल तंबूचे, म्हणजे गेरचे, दार दक्षिणेला असते आणि दारासमोरची आतली बाजू, ज्याला खोईमोर म्हणतात, ती वडीलधाऱ्यांची जागा असते. विनंती केल्यावर आतले टेबल मिळाले, हे नमूद करायला हवे.

जेवणात बूझ सर्वोत्तम होते. मैद्याच्या पातळ पारीत मटणाचा खिमा आणि कांदा भरून वाफवलेला हा पदार्थ दिसायला आपल्या मोदकाच्या नात्यातला. पहिल्या घासालाच आतला रस ओघळतो, त्यामुळे तो वाटीवर धरून खाणे बरे. कवळी असलेल्या बाबांनी सहा बूझ विनासायास संपवले. आईसाठी केलेले बटाट्याचे बूझ मात्र अळणी होते. दूध, मीठ आणि चहाची पत्ती उकळून केलेला सुतेई त्साई बाबांनी दोनदा मागवला. आईने एका घोटानंतर कप हलकेच त्यांच्याकडे सरकवला.

खरी तक्रार ‘मंगोलियन बार्बेक्यू’विषयी आहे. मांस व भाज्या आपणच वाडग्यात निवडायच्या आणि मोठ्या गोल तव्यासमोर रांगेत उभे राहायचे, अशी ही व्यवस्था होती. हा प्रकार १९५१ मध्ये तैवानमधील तैपेई येथे सुरू झाला. मंगोलियाशी त्याचा संबंध नावापुरताच. ज्येष्ठांच्या दिवशी ज्येष्ठांनाच पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवणे, तेही जेथे पहिले पान वडीलधाऱ्यांना वाढण्याचा रिवाज आहे त्या देशाच्या नावाने, हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, याचे नवल वाटते. शेवटी मी रांगेत थांबलो आणि वाडगे टेबलावर आणले.

टेबलावर शोभेसाठी उल बोव, म्हणजे तळलेल्या लांबट बिस्किटांची चळत, रचली होती. हा थाट मुळात त्सागान सार या चांद्र नववर्षाचा. त्याचे थर नेहमी विषम असतात: आजी-आजोबांच्या घरी सात, आई-वडिलांच्या घरी पाच, तरुण जोडप्याकडे तीन. पहिला थर सुखाचा, दुसरा दुःखाचा, या क्रमाने शेवट सुखावर व्हावा, अशी त्यामागची समजूत. आमच्यासमोर चार थर होते. व्यवस्थापकांना ते सांगितले तेव्हा त्यांनी हसून वरचा थर काढून घेतला, आणि आई-बाबा तरुण जोडप्याच्या रांगेत जाऊन बसले.

सवलतीसाठी दोघांचीही आधार कार्डे मागण्यात आली. आईचे घरी राहिले होते, म्हणून तिच्या वाट्याची सूट नाकारली गेली. बूझ खायला आम्ही पुन्हा जाऊ, पण एखाद्या साध्या दिवशी आणि आतले टेबल फोनवर आधीच राखून.