पुस्तक हाताळायला शिकवायचंय? दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ हाताशी घ्या

पाठ्यपुस्तकात हवं ते पटकन काढता येणं आपोआप जमत नाही, ते मुद्दाम शिकवावं लागतं. त्यासाठी वेगळं वर्कबुक नको. बालभारतीचं दहावीचं विज्ञान भाग १ (प्रथमावृत्ती २०१८) या कामाला उत्तम आहे. उणीव एकच, पण मोठी. तिच्याकडे येतोच.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तक नवं-जुनं दोन्ही मिळतं. जुनं घेताना आतल्या पानावर पुनर्मुद्रणाचं वर्ष बघा आणि भाग नीट तपासा. दोन्ही भागांत दहा-दहाच पाठ असल्याने नुसतं ‘पाठ ५ काढा’ म्हटलं, की एकाच्या हातात ‘उष्णता’ येतो आणि दुसऱ्याच्या ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. म्हणून पहिली सवय लावायची ती विषय, भाग, पाठ, पान या क्रमाने सांगण्याची.

पुस्तकाची खरी ताकद ठरावीक चौकटींत आहे. ‘थोडे आठवा’ म्हणजे मागच्या इयत्तेतलं, ‘करून पहा’ म्हणजे प्रयोग, ‘जरा डोके चालवा’ म्हणजे उत्तर आयतं न दिलेला प्रश्न, ‘माहीत आहे का तुम्हांला?’ म्हणजे जोडमाहिती. मुलं सगळा मजकूर एकाच वजनाने वाचतात, म्हणून पाठ लांबलचक वाटतो. एका तासिकेत एकच पाठ घ्या आणि न वाचता फक्त शीर्षकं, चौकटी, आकृत्या, शेवटचा स्वाध्याय असा फेरफटका मारा. आकृत्यांचे क्रमांकही कामाचे आहेत: ६.३ मधला ६ हा पाठ, ३ ही त्यातली आकृती. एवढं कळलं की अनुक्रमणिका न उघडताही पाठ सापडतो. उदाहरणांची उत्तरं मात्र स्वाध्यायातच कंसात आहेत. गणित भाग १ मध्ये ती शेवटच्या उत्तरसूचीत असतात, हा फरक दाखवून द्या. नाहीतर मुलं विज्ञानाची शेवटची पानं उगीच चाळत बसतात.

आता उणीव. अनुक्रमणिकेत फक्त पाठाचं नाव आणि पान आहे, उपमुद्दे नाहीत. मागे अकारविल्हे विषयसूचीही नाही. तारे का लुकलुकतात हे ‘प्रकाशाचे अपवर्तन’मध्ये, मानवी डोळा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’मध्ये आणि पाण्याचे असंगत आचरण ‘उष्णता’मध्ये आहे. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच हे सापडतं. एवढ्या चांगल्या पुस्तकाला विषयसूची नसणं खटकतं.

तर ती मुलांकडूनच करून घ्या. दहा गट, प्रत्येकाला एक पाठ, प्रत्येकी आठ संज्ञा: मुक्तिवेग, अप्रकट उष्मा, अपवर्तनांक अशा. एका चिठ्ठीवर एकच संज्ञा आणि पान, मग सगळ्या ८० चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावायच्या. चुका ठरलेल्या होतात. शब्द जिथे-जिथे दिसला ती सगळी पानं मुलं लिहितात. व्याख्या किंवा मुख्य स्पष्टीकरण असलेलंच पान हवं. ‘गुरुत्वीय बल’ ग खाली की ब खाली, यावर वाद होतो. दोन्हीकडे नोंद करा. अनुस्वाराचे शब्द अक्षराच्या सुरुवातीला की शेवटी, हे आधीच ठरवा. शब्दकोशांतही पद्धती वेगवेगळ्या असतात, मधेच नियम बदलला तर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लावाव्या लागतात.

मग गटांची अदलाबदल करून एकमेकांना संज्ञा शोधायला द्या. मिनिटभरात सापडली नाही, तर मुलाला न रागावता नोंद सुधारा. तयार सूची दोन पानांत बसते. मागच्या कव्हरच्या आत चिकटवली की पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाताना सूचीही जाते. नवी प्रत घेतलीत तर चार-पाच पानांचे क्रमांक आधी ताडून बघा.