वॅगनआर १.० पेट्रोल (के-१० इंजिन), १६ महिने अन् २४ हजार किमी: इंजिन दणकट आहे, फक्त बोअरचं पाणी पाजू नका

गाडी २०१५ची, सेकंड हँड. मागच्या वर्षी फेब्रुवारीत घेतली तेव्हा ६१ हजार पळालेली होती, आज मीटर ८५ हजारांच्या वर आहे. माझं काम बियाणं-खताचं, म्हणजे अंबाजोगाईहून कधी परळी, कधी केज, कधी लातूर, अन् मधली सगळी खेडी. महिन्यातून एखादी संभाजीनगरची चक्कर. म्हणजे हायवे, खडीचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांमागं दुसऱ्या गिअरमधी रांगणं, सगळंच गाडीनं बघितलंय.

आधी इंजिनाबद्दल. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) अन् हेड (त्याच्यावर बसणारा भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे. ताकद ६८ पीएसच्या आसपास अन् टॉर्क ९० एनएम, तो ३५०० आरपीएमला मिळतो. हे इंजिन आपल्याकडं २००८ला ए-स्टारमधी आलं, मग २०१०ला अल्टो के-१० अन् वॅगनआरमधी बसलं. जुन्या ८००च्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) होता, ह्याला चेन आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, चेनचं तसं नाही, ती इंजिनाच्या तेलातच फिरते, त्यामुळं तेल वेळेवर बदललं तर ती लई वर्षं साथ देते. माझी अजून पहिलीच आहे अन् सकाळी थंड स्टार्टला खडखड अजिबात नाही.

थरथर मात्र आहे. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंगला अन् गिअरच्या दांड्याला जाणवते, एसी लावला की जरा जास्तच. तीन सिलिंडरमधी पिस्टनच्या वरखालीचा जोर एकमेकांना कापून जातो, पण इंजिनाची दोन टोकं झोक्यासारखी डोलतात, म्हणून हे होतं. हजार-अकराशे आरपीएमच्या वर गेलं की गायब. माझ्या गाडीत ती नको तेवढी होती म्हणून इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघितले, एकाचं रबर दहा वर्षांत चिरलेलं निघालं, ते बदलल्यावर निम्मी कमी झाली.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहायलोय.

मागच्या मे महिन्यात संभाजीनगरहून परत येत होतो, गाडीत चौघं, एसी चालू, दुपारचे तीन. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो अन् एसीची हवा गरम यायला लागली, मला वाटलं गॅस संपला असंल, तेवढ्यात टेंपरेचरचा इशारा आला. लगेच एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. आमचे अण्णा बाटली घेऊन उतरले अन् म्हणाले "झाकण उघड, पाणी टाकू." मी हात धरला त्यांचा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं, लोकांची तोंडं भाजलीत असं करून. पाऊण तास सावलीत बसलो, मग फडकं धरून हळू उघडलं. आत हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) नव्हतंच, गढूळ तांबूस पाणी. अन् तोंडाच्या आतून बोट फिरवलं तर नखाला पांढरा खरबरीत थर लागला, आपल्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या बादलीला धरतो ना, अगदी तस्साच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला, वरून पाणी सोडलं तर खालून धार नाही, नुसतं ठिबकायलं. आणि थर्मोस्टॅटची (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागा उघडली तर थर्मोस्टॅटच नाही! आधीच्या मालकाची गाडी कधीतरी गरम झाली असणार अन् कुण्या गॅरेजवाल्यानं "काढून टाका, पाणी मोकळं फिरंल" म्हणून काढला असणार. हा सल्ला आपल्याकडं गावोगाव देतात अन् तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापतच नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंडच आहे, मग ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. मला पहिले तीन महिने चौदाचं ॲव्हरेज का मिळत होतं ते त्या दिवशी कळालं. खरा आजार तुंबलेला रेडिएटर, तो तसाच राहिला.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. तापलं की क्षार खाली बसतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या भरत जातात, वर ॲल्युमिनियमला गंज लागतो तो वेगळाच. कूलंट उकळतं पण उशिरा अन् गंजही धरू देत नाही. माझं नशीब चांगलं की इंजिन वेळेत बंद केलं. हेड उतरवून सरळ पट्टी लावून बघितलं, वाकलेलं नव्हतं. ॲल्युमिनियमचं हेड तसंच रेटलं असतं तर वाकलं असतं अन् खर्च कुठल्या कुठं गेला असता. नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट, कूलंट, मजुरी धरून साडेबारा हजार गेले.

त्यानंतर ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) घेतलं, मोबाईलवर पाण्याचं तापमान दिसतं. सकाळी सात-आठ मिनिटांत ८५च्या वर जातं, हायवेला ८८ ते ९२, गावात उभी राहिली की ९७ला फॅन लागतो अन् ९२-९३ला बंद होतो. ह्या मे महिन्यात बाहेर ४२ असताना तोच घाट एसी लावून चढलो, ९९च्या वर काटा गेला नाही. तेच इंजिन, तेच वजन, तोच चढ. म्हणून म्हणतो इंजिनात खोट नाही.

ॲव्हरेज आता हायवेला ८०च्या स्पीडनं १९, गावोगाव एसीवर १६-१७. ई-२० पेट्रोलचा (त्यात २० टक्के इथेनॉल) थोडा फटका आहेच, इथेनॉलमधी पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या चारचाकींना ६-७ टक्के घट धरलेली आहे. इथेनॉल आपल्या उसाचंही असतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण जुनी गाडी घेणाऱ्यानं हा हिशोब धरूनच चालावं.

धुळीचं सांगतो. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय तेवढा इथं टिकत नाही. गळीत हंगामात चार हजारांवर उघडला तर घड्यांमधी काळ्या मातीची भुकटी बसलेली, जमिनीवर हलकं आपटलं तर ओंजळभर निघाली. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर मारा, उलटी मारली की धूळ कागदात रुतते. मी दर तीन हजाराला बघतो अन् दहा हजाराला नवाच टाकतो, महाग नाही तो.

तेल ५डब्ल्यू-३०, दहा हजार किंवा वर्ष म्हणतात, मी साडेसात हजारालाच बदलतो. मधी टॉप-अप एकदाही लागलं नाही, दांडीवर पातळी जिथल्या तिथं. प्लग एकदा बदलले. बाकी इंजिनाला स्पॅनर लागलेला नाही.

चौघं अन् सामान घेऊन चढाला तिसऱ्यात पळत नाही, दुसरा टाकावाच लागतो, ओव्हरटेकला आधीपासून गिअर खाली घ्यायची सवय करावी लागते. एकट्यानं-दोघांनी फिरायला मात्र एवढ्याशा इंजिनाची चपळाई बघून आजही बरं वाटतं.

कुणी हेच इंजिन सेकंड हँड घेत असंल तर सकाळी सकाळी, मालकानं स्टार्ट करायच्या आधी जा, बोनेट हाताला थंड लागलं पाहिजे. रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घाला. हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट दिसलं तर पुढं बोला, पांढरा थर लागला तर रेडिएटरचे पैसे किमतीतून कापा अन् थर्मोस्टॅट आहे का ते उघडून दाखवायला लावा. मी घेताना फक्त टायर अन् पेंट बघितला होता.