वर्षभराची निसर्गभ्रमंती: वर्गणी भरण्याआधी काय विचारावं

आधी पैशांचं बोलू, कारण विचारणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. पुण्याहून शनिवार-रविवारी सुटणाऱ्या साध्या ट्रेकला जेवढे पडतात, त्याच्या जवळपास दुप्पट या वर्षभराच्या निसर्गभ्रमंतीत दर खेपेला पडतात. वर्गणी वर्षाची एकरकमी, गट फार तर डझनभराचा, महिन्यातून एखादी खेप. मी आणि माझी नववीतली लेक पावसाच्या तोंडावर लागलो, आता पळस फुलून गेलाय. एवढ्या काळानंतर माझं मत असं की हा सगळा खर्च बरोबर येणाऱ्या माणसाचा आहे. डोंगर फुकटच असतो. त्यामुळे येणारा माणूस कोण, हे कळल्याशिवाय रुपयासुद्धा देऊ नका.

आमचे मार्गदर्शक पन्नाशीचे. सगळे त्यांना दादाच म्हणतात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकलेले, दोर-गाठींत पक्के, पण खरा जीव झाडापाल्यात. चालायला एकदम हळू. पहिल्या तासात आपण किती अंतर कापलं हे मोजायची सवय असेल तर वैताग येईल. माझ्या नवऱ्याला आला. त्याला माथा गाठायचा असतो आणि इथल्या वेळापत्रकात कळसूबाईचं नावही नाही. तो लवकरच गळला, आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता.

सुरुवात काजव्यांनी झाली. जूनच्या पहिल्या सरींआधी राजमाचीला काय गर्दी उसळते हे ठाऊक असेलच. दादांनी ते टाळून आडबाजूचं गाव धरलं. गाडीतून उतरल्यावर मोबाइल सॅकमध्ये, हेडटॉर्च बंद, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं उभं राहायचं. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की उडत लुकलुकतात ते बहुतेक नर, गवतात किंवा पानावर बसलेली मादी त्यांना उजेडानेच उत्तर देते, आणि आपण टॉर्च मारली की हे बोलणं तुटतं. अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात हेही तिथेच कळलं. माहिती कुठेही मिळते म्हणा. पण कोणती गोष्ट कधी सांगायची आणि कधी गप्प बसायचं, हे या माणसाला नेमकं कळतं.

भर पावसातली भीमाशंकर-आहुपे खेप सगळ्यांत दमवणारी आणि माझ्या मते सगळ्यांत वसूल. जळवा लागणारच, त्याचं नाटक करू नका. निघण्याआधी दादांनी मंचरच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, गाडी कुठे उभी असेल, कुणाला कसली ॲलर्जी आहे, हे सगळं उघडपणे बोलून घेतलं. तासाभरात त्याचं कारण दिसलं. वाटेकडेच्या कारवीच्या फांदीवर, गुडघ्याच्या उंचीला, चापडा हा विषारी साप बसला होता. हिरवागार, डोकं तिकोनी, पावसाचे थेंब अंगावर तसेच. आमच्यातले पुढचे दोघे त्याच्या हातभर अंतरावरून गेले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. दादांनी सगळ्यांना मागे घेतलं आणि लांबून दाखवलं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्याच्या विषासाठी नाही, हे मला नवीन होतं. त्याच्या दंशाने माणूस दगावणं फार विरळ, पण सूज आणि कळा जबर. तेव्हापासून लेक आधाराला फांदी धरण्याआधी तिच्याकडे नीट बघते. हा बदल घरी सांगून कधी झाला नसता.

आहुपेत देवराई आहे. तिथे गावातले एक महादेव कोळी बाबा बरोबर आले आणि दादा चक्क मागे सरले. बोलायचं काम बाबांचं. हिरडा कधी वेचायचा, बाळहिरड्याला, म्हणजे कोवळ्या हिरड्याला, भाव का जास्त, देवाच्या रानातली वाळलेली काटकीही का उचलायची नाही, हे सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. वर शेकरूची घरटी दाखवली. एकाच जागी चार दिसली तर चार शेकरू समजू नका म्हणाले, एकटाच बऱ्याच ठिकाणी बांधून ठेवतो. जेवण त्यांच्याच घरी, पिठलं, भाकरी, ठेचा. त्याचे पैसे थेट त्या घराला जातात, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलो. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि हंगामात तिथे फुलांहून माणसं जास्त. दादांनी दुसरा सडा निवडला, आणि नाव कुठे टाकू नका अशी अट घातली, तेव्हा मीही टाकत नाही. चालायचं ते उघड्या कातळावरूनच. खळग्यांतली माती बोटभर जाड आणि सगळा संसार तिच्यातच. मातीत नत्र जवळपास नाहीच, म्हणून दवबिंदू नावाची वनस्पती किडे पकडते. निळीजांभळी सीतेची आसवं ही फुलं दिसायला इतकी गरीब, तीही मातीखाली तेच करतात. पण खरी गंमत उतारावरच्या कंदीलपुष्पाची. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत घसरते आणि वर येऊ शकत नाही. फूल तिला मारत नाही. केस सुकले की माशी सुटते, अंगावर पराग घेऊन. दादांनी फुलाला हात न लावता मागून टॉर्च धरली आणि फुगीर भागात माशीची सावली हलताना दिसली. लेक तिथे पोटावर पडून राहिली ती गाडीची वेळ होईपर्यंत. ओढून आणावी लागली.

आता रडगाणं. थंडीत हरिश्चंद्रगडाच्या खेपेला आदल्या रात्री निरोप आला की दादा येणार नाहीत, दुसरा लीडर येईल. आलेला मुलगा चांगला होता, वाट पाठ, अंगात ताकद. पाचनईने वर, देऊळ, कोकणकडा, फोटो, खाली. कातळातले लाव्हाचे थर, झाडं, गिधाडं, कशावरच चकार शब्द नाही. दादा कड्यापाशी सगळ्यांना पोटावर झोपवूनच खाली डोकावू देतात. इथे पोरं उभ्यानेच कडेला जात होती आणि कुणी हटकत नव्हतं. मी फरकाचे पैसे परत मागितले, तर पुढच्या खेपेत सवलतीचं आश्वासन मिळालं, आणि ती सवलत अजून दिसलेली नाही. नावाजलेला माणूस जाहिरातीत दाखवायचा आणि डोंगरावर दुसरा पाठवायचा, हे मला पटलेलं नाही.

उलट बाजूचा प्रसंगही सांगते. मार्चमध्ये एका किल्ल्यावर गुहेच्या छताला आग्या मोहळं लटकत होती आणि खाली दुसऱ्या कुठल्याशा गटाने चूल पेटवलेली. दादांनी आधी त्यांना ती विझवायला लावली आणि लगेच आम्हाला माघारी वळवलं. माथा जेमतेम अर्ध्या तासावर. गटात कुरकुर झाली, एकाने तर पैसे भरलेत म्हणून ऐकवलं. दादा शांतपणे म्हणाले, 'गाडीत बसून भांडू.' धुराने आग्या उठल्या तर पळायला जागा नाही हे त्यांनी खाली आल्यावर समजावलं. मला विचाराल तर वर्षभराची वर्गणी त्या माघारीतच फिटली.

बायकांसाठी एक कामाची गोष्ट, जी कुठल्या माहितीपत्रकात नसते: प्रत्येक थांब्यावर बायकांनी कुठल्या बाजूला जायचं हे दादा स्वतःच, न लाजता, आधी सांगतात आणि पुरुषांना दुसरीकडे पाठवतात. दिवसभर पाणी न पिता चालणं त्यामुळे बंद झालं.

तुम्ही अशी कुठलीही वर्गणी भरणार असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, प्रथमोपचार कोण जाणतो, गट किती जणांचा, हे विचारा. त्याआधी मात्र येणार कोण ते. पुढच्या वर्षाचे पैसे मी अजून भरलेले नाहीत. किती खेपांना दादा स्वतः असतील हे लेखी मागितलंय. उत्तर आलं की ठरवेन. लेकीने मात्र स्वतःसाठी भिंग विकत घेऊन ठेवलंय.