बीअरच्या टोपाखालची घोडी: वेल्डिंग करावं की बोल्ट लावावेत?

घरी बीअर करणाऱ्याची वीस-पंचवीस लिटरच्या पुढे गेल्यावर स्वयंपाकघरातल्या शेगडीशी फारकत होते. मोठा गॅस बर्नर उघड्यावर येतो आणि टोप ठेवायला लोखंडी घोडी लागते. ती वेल्ड करायची की नट-बोल्टवर जुळवायची, हे ठरवायचं असेल तर आधी वजनाची भीती मनातून काढून टाका. पन्नास लिटर पाण्याचे 50 किलो, वर टोप आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) मिळून साठ-सत्तर किलो झाले, तरी चार पायांवर हा भार लोखंडी अँगलला (L आकाराच्या पट्टीला) काहीच नाही.

अडचण हलण्याची आहे. उकळता टोप ढवळताना धक्का आडवा बसतो. चांगला वेल्ड केलेला कोपरा तो सहज पचवतो. कोपऱ्यात एकच बोल्ट असेल तर तो बिजागरीसारखा फिरतो. म्हणून बोल्टची घोडी करायची तर प्रत्येक कोपऱ्यात दोन बोल्ट किंवा तिरकी पट्टी हवीच. त्यासाठी ड्रिल करायची भोकं मोजली, की वेल्डिंग सोपं वाटायला लागतं.

पण वेल्डिंगचे नखरे वेगळे. नवख्या हाताला 2 मिमी जाडीच्या चौकोनी पाइपला आर्कने भोक पडतं. 3 ते 5 मिमीचा अँगल बराच क्षमाशील असतो. 2.5 मिमीचा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड आणि साधारण 70 ते 90 अँपिअर इतक्यात काम होतं. सगळे कोपरे आधी वेल्डच्या ठिपक्यांनी नुसते टाचून घ्या, दोन्ही कर्ण मोजा, मगच पुरे वेल्ड करा. एकाच कोपऱ्याचा पूर्ण वेल्ड आधी मारला की चौकट ओढली जाते आणि चौथा पाय हवेत राहतो. माझी पहिली घोडी अशीच लंगडी झाली, अजून एका पायाखाली फरशीचा तुकडा आहे. पाइपच वापरणार असाल तर दोन्ही टोकं बंद करून आत हवा कोंडू नका. एखादं छोटं भोक ठेवा.

जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड मात्र वेल्डिंगला घेऊ नका. आर्कमध्ये जस्ताची वाफ होते आणि तो धूर ओढला की काही तासांनी थंडी-ताप भरतो. तिथे बोल्ट जिंकतो, पण ज्वाळेजवळ नाही: जस्त 420 अंशांच्या आसपासच वितळतं. बोल्टवाल्यांची आणखी एक चूक म्हणजे नायलॉनचं कडं असलेले लॉकनट. बर्नरजवळ ते कडं मऊ पडतं आणि नट ढिला होतो. तिथे स्प्रिंग वॉशर किंवा दोन नट लावा. साधं लोखंडही 600 अंशांपर्यंत तापलं की त्याची निम्मी ताकद जाते, त्यामुळे टोपाखालच्या आडव्या पट्ट्या थेट ज्वाळेत येऊ देऊ नका, घोडी कुठल्याही प्रकारची असो.

मला विचाराल तर खरा निर्णय बर्नर आणि टोपाचं बूड यांच्यातल्या अंतरावर होतो. प्रत्येक बर्नरची ज्वाळा वेगळी. बूड फार जवळ आलं तर ज्वाळा गुदमरते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. फार लांब गेलं तर उष्णता बाजूने उडून जाते. नेमकं अंतर पेटवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि वेल्ड केलेला बर्नर वर-खाली होत नाही. म्हणून चौकट वेल्ड करा, पण बर्नरचा कंस लांबट भोकांत बोल्टने बसवा. पुढे टोप बदलला तरी ग्राइंडर काढावा लागणार नाही.

पूर्ण बोल्टची घोडी कोणासाठी? ज्यांना ती मोडून माळ्यावर टाकायची आहे, किंवा एक टोप की तीन हेच अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी. तीन टोप एकावर एक चढवून द्रव आपोआप खाली सोडायची उंच घोडी मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. डोक्याच्या उंचीवर तापलेलं पाणी ठेवण्यापेक्षा सगळे टोप एका पातळीवर ठेवून पंप लावलेला बरा.

रंग भट्टीला चालणारा, उष्णता सोसणारा घ्या. साधा ऑइलपेंट पहिल्याच उकळीत जळून घाण वास मारतो. आणि माल्ट घालण्याआधी एकदा टोप साध्या पाण्याने काठोकाठ भरून, बर्नर न पेटवता, घोडीला सगळ्या बाजूंनी ढकलून बघा.