जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाताना: रंगाची जाडी मोजणारं मीटर

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत क्वालिटी कंट्रोलला आहे. लेपाची जाडी मोजणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे दिरासाठी जुनी स्पोर्ट्स कार बघायची ठरली तेव्हा सगळ्यात आधी रंगाची जाडी मोजणारं, चार हजारांच्या आसपासचं एक छोटं मीटर मागवलं. रंग कुठे जास्त जाड भरला, की तिथे दुरुस्ती झाली असावी हे कळतं. कारखान्यातल्या प्रमाणित पट्ट्यांवर लावून पाहिलं. दोन-तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे. गाडीसाठी पुष्कळ झालं.

विकत घेताना एवढं बघाच, की ते लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालतं का. स्वस्तातली काही नुसती लोखंडावर चालतात आणि स्पोर्ट्स कारपाशी तिथेच अडतं. दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीच्या बॉडीत ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे. दरवाजे, डिकीचं झाकण आणि मागचा फ्लोअर मात्र पोलादाचा, वजन पुढे जास्त पडू नये म्हणून.

पर्वरीला आम्ही पाहिली ती टीटीच होती. लाल, चकचकीत. दीर तर बघताक्षणी म्हणाला, "वहिनी, हीच घेऊया." मी बॉनेटपासून सुरुवात केली. बॉनेट, छप्पर, पुढचे फेंडर, सगळीकडे ११० ते १३०. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो, म्हणजे इथवर ठीक. मागे डाव्या क्वार्टर पॅनलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आले आणि आकडा २४० झाला. चार बोटं खाली ६८०. चाकाच्या कमानीपाशी मीटरची मर्यादाच संपली. दोनशे-तीनशे आलं तर रंग पुन्हा मारलेला असतो. त्याच्या फार वर गेलं की खाली पुट्टी आहे असं समजायचं. मालक म्हणाले, "बारीक ओरखडा होता, टचअप केलाय." डिकीतला गालिचा उचलला. उजवीकडच्या जोडावर कंपनीचं सीलंट (सांधा बुजवायचा लेप) एकसारख्या जाडीनं गेलेलं, डावीकडे बोटानं फासलेलं, आणि त्याच्या कडेनं गंज वर आलेला. मागून चांगला दणका बसलेली गाडी होती ती. सोडली.

एका ठिकाणी मात्र हे मीटर उगाच घाबरवतं. अशा गाड्यांवर बऱ्याचदा पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म असते आणि ती एकटीच १५० ते २०० मायक्रॉन भरते. आधी दरवाजाच्या कडेला नख लावून फिल्मची किनार शोधा. प्लास्टिकच्या बंपरवर मीटर चालत नाही, आणि कडांवर, वळणांवर येणारा आकडा धरू नये.

पण गोव्यात खरी भीती खालून असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा. तिथे मीटर कामाचं नाही. गाडी रॅम्पवर चढवून सबफ्रेमचे (इंजिन-सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याचे) बोल्ट, ब्रेकचे पाइप, स्प्रिंगांची बुडं बघावीच लागतात. सीटच्या रुळांमध्ये तांबडा गाळ दिसला तर आत पाणी शिरलं होतं असं मी धरून चालते, मालक काहीही म्हणोत. पोर्श बॉक्स्टरसारख्या कापडी छपराच्या गाडीत पाणी निचरायच्या नळ्या पाल्यानं तुंबतात आणि पाणी आत उतरतं. सीटच्या मागे गालिच्याखाली हात घालून ओल बघा. किलोमीटर कमी म्हणून खूश होऊ नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नुसत्या उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात.

सोबत साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र न्या. एकही एरर कोड नाही म्हणून समाधान मानू नका, रेडिनेसचं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारं पान उघडा. तिथे तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. इंजिन थंड असतानाच चालू करून ऐका. टीएफएसआयमध्ये (ऑडीच्या टर्बो पेट्रोल इंजिनात) टायमिंगची साखळी खडखडली तर पहिल्या काही सेकंदांतच कळतं. टीटीला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर दर ६०,००० किलोमीटरला गिअर ऑइल बदलल्याची बिलं मागा. परराज्यातली गाडी असेल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये.

मीटर मला पसंत आहे. फक्त दर वेळी सोबतच्या पट्टीवर शून्य करून घ्यावं लागतं, नाहीतर आकडे सरकतात. पुढच्या रविवारी मडगावला बीएमडब्ल्यूची एक झेड-फोर बघायची आहे. गाडी आम्ही येईपर्यंत चालू करू नका आणि छप्पर पूर्ण उघडून-मिटून दाखवा, असं मालकांना फोनवर सांगून ठेवलंय.