स्क्रीन म्हणते साडेअकरा, पंप म्हणतो पावणेदहा: इंदूरमध्ये सात सीटर डिझेलचे नऊ महिने

मागच्या महिन्यात भंवरकुआच्या सिग्नलला उभा असताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्या दिव्यामुळे आठ महिने न सुटलेला हिशेब सुटला, म्हणून हे लिहायला बसलो. गाडी मोठी, सात सीटर, डिझेल ऑटोमॅटिक. सनरूफ, सीट, सस्पेन्शन यावर सगळ्यांचं लिहून झालंय. मला फक्त डिझेलबद्दल बोलायचंय, कारण दर महिन्याला खिशातून जातं ते तेच.

आधी हिशेबाची पद्धत सांगतो, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. एकच पंप, एकच नोझल, आणि पहिल्या ऑटो कटला, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद पडलं की, थांबायचं. पंपावरच्या मुलाला मी दर वेळी बजावतो, "भिया, कट के बाद एक बूँद नहीं." किलोमीटर आणि लिटर लगेच वहीत. नऊ महिन्यांत गाडी ८,१४० किमी चालली, त्यातले साधारण ५,६०० शहरातले. शहरातलं अ‍ॅव्हरेज लिटरला ९.८ किमी. त्याच टाक्यांना डॅशबोर्डची स्क्रीन ११.४ दाखवत होती. आमच्याकडे डिझेल ९२ रुपयांच्या आसपास, म्हणजे स्क्रीनच्या हिशेबाने किलोमीटरला आठ रुपये आणि प्रत्यक्षात नऊ रुपये चाळीस पैसे. महिन्याला आठशे रुपयांचा फरक! तेवढ्यात आमच्या घरी पंधरा दिवसांचं दूध येतं.

कंपनीचा आकडा मी धरतच नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून होते. आमच्याकडे मार्च ते जून एसीशिवाय आईला गाडीत बसवता येत नाही.

पहिले दोन महिने पंपावर संशय घेतला. पंप बदलला, फरक शून्य. मग टायरची हवा. चारही टायर दोन-तीन पॉइंटने कमी निघाले, दर पंधरवड्याला थंड टायरमध्ये हवा तपासायला लागलो आणि ०.२ ची सुधारणा झाली. मग मी हिच्या पायाला दोष दिला. सकाळी मुलीला शाळेत सोडायला तीच गाडी नेते आणि तिच्या आठवड्यात अ‍ॅव्हरेज हमखास नऊवर यायचं. हा आरोप मी पूर्ण मागे घेतो. दोष तिच्या पायाचा नव्हता, राजेंद्र नगर ते शाळा या चार किलोमीटरचा होता.

एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून त्या फिल्टरला सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि ती जाळून टाकते. याला रीजन म्हणतात. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालणं हवं. आमची गाडी गार इंजिनवर निघायची, चार किलोमीटरवर बंद व्हायची. रीजन सुरू झालं की शाळेचं फाटक यायचं. दुपारी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. डिझेल जळत होतं, पण चाकं फिरवायला नाही. तो पिवळा दिवा याच फिल्टरचा होता.

आता मागे वळून बघतो तर खुणा सगळ्या होत्या. गाडी उभी असताना आरपीएम साडेसातशेऐवजी हजारावर, किल्ली काढल्यावरही पंखा जोरात चालू, बॉनेटपाशी तापलेला वास, सिग्नलला इंजिन थांबवणारा ऑटो स्टॉप काम करेनासा. त्या दिवशी पलासियापर्यंतच्या नेहमीच्या रस्त्यावर अ‍ॅव्हरेज सातवर यायचं. मी वहीत "आज ट्रॅफिक जास्त" असं लिहून ठेवलंय, पाच ठिकाणी.

सर्व्हिस सेंटरला नेली. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! अर्धवट रीजनमधलं न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदललं, मशीन लावून जबरदस्तीने रीजन केलं आणि ९,३४० रुपयांचं बिल समोर ठेवलं. वॉरंटीत बसत नाही, कारण "ड्रायव्हिंग पॅटर्न". अ‍ॅव्हरेजचं विचारलं तर उत्तर, "सर, शहर में इतना ही देगी." मी वही उघडून दाखवली. म्हटलं, गाडी विकताना तुम्हीच विचारलं होतं, रोज किती चालवणार, आणि मी वीस किलोमीटर, गावातल्या गावात, असं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा फिल्टरचा एक शब्द कोणी काढला नाही. दीड तास वाद घातल्यावर मजुरी निम्मी केली. मला पैशांपेक्षा याचा राग आहे, की साठ वर्षांच्या माणसाला ही गाडी विकताना मॅन्युअलच्या कुठल्याशा पानावर भिस्त ठेवतात.

इथपर्यंत लिहून मी गाडी विकायचं म्हणणार होतो. पण पुण्याच्या लग्नाची नोंद वगळणं अन्याय होईल. मानपूर, धामनोद, सेंधवा, धुळे असं गेलो. मोठी पाच माणसं, दोन मुलं, छतावर काही नाही. ८५-९० च्या वेगात १४.९ मिळालं, तेही फुल टँकच्या हिशेबाने. येताना उशीर झाला म्हणून ११० पर्यंत चालवली आणि आकडा १२.६ वर आला. ९० वरून ११० वर गेलं की हवेचा रोध जवळजवळ दीडपट होतो आणि या गाडीची छाती भिंतीसारखी आहे. आठशे रुपयांवर रागावणाऱ्या मलाच, सात माणसं एका गाडीत आरामात गेली याचं मोल कबूल करावं लागतं. आई मागच्या सीटवर झोपून आली, पाठ दुखली नाही.

घाटाचं मात्र एकेरी अ‍ॅव्हरेज कोणी सांगू नये. ओंकारेश्वरला जाताना माळव्यावरून नर्मदेकडे उतार, स्क्रीन वीस दाखवते. परत चढताना अकरा. फेरी पूर्ण झाल्याशिवाय तो आकडा वहीत घेत नाही.

सध्या शाळेला आणि आईच्या दवाखान्याला जुनी पेट्रोल छोटी गाडी. मोठीत आरपीएम हजारावर दिसला की घरी न वळता राऊ सर्कलवरून बायपासने तेजाजी नगर आणि परत, साठ-सत्तरच्या वेगात, पंखा शांत होईपर्यंत. दहा-बारा दिवसांतून एकदा दीड लिटर जातं, ते मी खुशीने घालतो. गेल्या तीन टाक्या १०.३, १०.६, १०.५. स्क्रीनवर ११.९.

पुढची सर्व्हिस दहा हजारांवर आहे. डिपस्टिक माझ्यासमोर काढल्याशिवाय जॉबकार्डवर सही करणार नाही, आणि वही बरोबर नेणार आहे.