एका दीर्घ वेलांटीसाठी लॉसलेसकट

व्हिडिओ पोचता केला आणि तासाभरात सरांचा निरोप आला. "अहो, एक्केचाळिसाव्या मिनिटाला पट्टीवर 'परिक्षा' असं आलंय. री दीर्घ असते ना?"

असते. चूक माझीच. १ तास ५२ मिनिटांच्या व्याख्यानात जेमतेम सहा सेकंद दिसणारी पट्टी, ४१:०७ ते ४१:१३, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'परिक्षेची तयारी'. तीही भाषेच्या शिक्षकांच्या व्हिडिओत.

माझ्या लॅपटॉपवर हा प्रोजेक्ट रेंडर व्हायला, म्हणजे एडिटरमधून अंतिम फाइल तयार व्हायला, साडेतीन तास लागतात. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, रात्री लावून झोपता येतं. दुखणं वेगळं आहे. नवा रेंडर म्हणजे नवी फाइल, आणि नवी फाइल म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांखालून घालणं. मधल्या काळात एखादा फॉन्ट उडालेला असतो, एखादी क्लिप जागेवरून हललेली असते. एकदा तर मी एक पट्टी सुधारली आणि पार्श्वसंगीताचा ट्रॅक म्यूट राहिलेला असतानाच रेंडर मारला. तेव्हापासून, एकदा तपासून झालेल्या फायलीला शक्यतो हात लावायचा नाही असं ठरवून टाकलंय. म्हणून या वेळी लॉसलेसकट.

लॉसलेसकट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आतून सगळं काम एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर करतं, हा त्यावर चढवलेला चेहरा. रेंडर असं ते काही करतच नाही. व्हिडिओ उलगडून पुन्हा दाबण्याऐवजी आहे तसा उचलतं, कापतं आणि जोडतं. त्यामुळे दोन तासांची फाइल कापायला फार तर डिस्कवर ती कॉपी व्हायला लागेल तेवढाच वेळ लागतो, आणि चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही.

मेख एकच, कीफ्रेम. एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फायलीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. कीफ्रेम म्हणजे पूर्ण लिहिलेलं पान. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये 'वरीलप्रमाणे, फक्त ओठ हलले' एवढीच नोंद. साहजिकच पुढचा तुकडा कीफ्रेमवरच सुरू व्हायला हवा, नाहीतर 'वरीलप्रमाणे' आहे पण वर काहीच नाही, अशी गत होते. माझ्या फायलीत दर २५० फ्रेमला एक कीफ्रेम होती, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने दहा सेकंदांना एक. लॉसलेसकटमध्ये एका कीफ्रेमवरून थेट पुढच्या कीफ्रेमवर उडी मारता येते, ही सोय मला सगळ्यात आवडली. चुकीच्या अलीकडची कीफ्रेम ४१:०१ ला सापडली. पुढची ४१:११ ला, पण तोवर पट्टी पडद्यावर होतीच, म्हणून तिच्याही पुढची, ४१:२१ ची धरली. म्हणजे सहा सेकंदांच्या चुकीसाठी वीस सेकंद बदलायचे. १,६८,००० फ्रेमपैकी ५००.

मग एडिटरमध्ये वेलांटी दीर्घ केली आणि तेवढाच वीस सेकंदांचा भाग एक्सपोर्ट केला. इथे शिस्त पाळावी लागते. मूळ फाइल ज्या सॉफ्टवेअरमधून, ज्या सेटिंगवर काढली, ठिगळही तिथूनच आणि तसंच काढायचं: तेच रिझोल्यूशन, तोच फ्रेम रेट, तोच प्रोफाइल. एमपी४ फायलीत एन्कोडरची (व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामची) माहिती सहसा एकदाच लिहिलेली असते. ठिगळ वेगळ्या एन्कोडरचं निघालं तर काही प्लेयर ते बरोबर दाखवतात आणि काहींवर नेमकी तेवढीच वीस सेकंदं हिरवे-करडे चौकोन नाचतात. आपल्या मशीनवर ठीक दिसतंय एवढ्यावर विसंबू नका, फोनवरही लावून बघा.

मूळ फायलीचे दोन तुकडे केले, मधे ठिगळ ठेवलं, फायलींना १, २, ३ अशी नावं दिली आणि तिन्ही जोडून टाकल्या. मिनिटभराचं काम. पाहिलं तर पट्टी शुद्ध, पण ४१:०१ नंतर सरांचे ओठ आवाजाच्या किंचित मागे. फ्रेम मोजल्या तर १,६८,००२. दोन जास्त, म्हणजे ८० मिलिसेकंद. पहिल्या तुकड्याच्या शेवटची खूण मी घाईत अंदाजाने ठोकली होती. खूण दोन फ्रेम मागे घेतली, पुन्हा जोडलं, आकडा जुळला. तेव्हापासून जोडल्यावर आधी फ्रेमचा आकडा बघते, मग चित्र.

आणि आवाज. एएसी या दाबलेल्या प्रकारातल्या आवाजाचे तुकडे जोडले की सांध्यावर 'टक्' असं ऐकू येण्याची शक्यता असते, कारण त्याचे स्वतःचे छोटे गठ्ठे असतात आणि ते व्हिडिओच्या फ्रेमच्या सीमांशी जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे आवाज कापायचाच नाही. तिन्ही तुकड्यांत फक्त चित्र ठेवायचं, आणि जोडून झालं की मूळ फायलीतला अखंड आवाज त्यावर बसवायचा. दोन फायलींमधले हवे ते ट्रॅक एकत्र करणं लॉसलेसकटला जमतं. उलट चूक फक्त आवाजात असेल तर आणखीच सोपं: नवा आवाज पूर्ण लांबीचा एक्सपोर्ट करायचा, चित्र आहे तसं उचलायचं. कीफ्रेमचा विचारच नको.

प्रोरेससारख्या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये मास्टर, म्हणजे उच्च दर्जाची मूळ प्रत, ठेवणाऱ्यांची यातली निम्मी कटकट वाचते. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, कुठेही कापा. टेपच्या जमान्यात इन्सर्ट एडिट (बाकी टेपला हात न लावता मधलाच भाग बदलणं) करायचे, त्याच धर्तीवर तयार फायलीत थेट फ्रेम बदलून देणारी सिनेएक्सटूल्ससारखी व्यावसायिक साधनं आहेत. दाविंची रिझॉल्व्हमध्येही शक्य तिथे पुन्हा एन्कोड न करण्याचा पर्याय आहे. पण माझ्याकडे मास्टर कुठला, फक्त एमपी४. डिस्कवर जागा करायची म्हणून उडवला होता. (हो, कळलं.)

लॉसलेसकटची एक अडचण आहेच. वापरायला सोपं दिसतं, पण कीफ्रेमची गोष्ट कळली नसेल तर पहिल्या दिवशी डोकं धरून बसाल. आणि जिथे लांबी बदलते, काही सेकंद काढून टाकायचे असतात, तिथे सबटायटल आणि चॅप्टरच्या वेळा स्वतः सरकवाव्या लागतात. लोगो किंवा रंग सगळीकडेच चुकला असेल तर ठिगळाचा विचारही करू नका, निमूट रेंडर लावा. व्हिडिओ यूट्यूबवर आधीच चढवला असेल तर तीच लिंक ठेवून फाइल बदलता येत नाही. तिथे भाग कापता येतो, धूसर करता येतो, वेलांटी मात्र बदलता येत नाही.

नवी फाइल सरांना पाठवली आणि लिहिलं, "४१:०१ ते ४१:२१ एवढंच बघा, बाकी एक फ्रेमही बदललेली नाही." त्यांनी तरीही अख्खा व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप: "१ तास १९ मिनिटांवर 'मार्गदर्शन'चा रफार राहिलाय."

तो पहिल्या फायलीपासूनच राहिला होता. दुसरं ठिगळ बारा मिनिटांत लागलं.